धाप मोजणारी माणसं हवीत

दर वर्षी वर्ग सुरू झाला की पहिल्या दिवशी मी मुलांना एकच प्रश्न विचारते: इथे शिकून पुढे काय करणार? गेली सतरा वर्षं मी व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणजे सगळे ज्याला ‘एक्झरसाइज फिजिऑलॉजी’ म्हणतात ते. पूर्वी उत्तर यायचं, शाळेत पीटीचा शिक्षक. आता निम्म्याहून जास्त मुलं म्हणतात, आयपीएल. कुणाला क्रिकेट संघाचा ट्रेनर व्हायचंय, कुणाला प्रो कबड्डीत जायचंय. त्यांच्या डोळ्यांतली चमक मला मोडायची नसते, पण हिशोब लपवायचाही नसतो. म्हणून फळ्यावर लिहिते: आयपीएलचे 10 संघ, प्रो कबड्डीचे 12, महिला प्रीमियर लीगचे 5. झाले 27. प्रत्येक संघाने आमच्या विषयाची तीन माणसं घेतली असं धरलं तर 81. हंगाम फार तर दोन-तीन महिन्यांचा, आणि बऱ्याच जागांवर आधीच परदेशातले अनुभवी लोक. मग त्याच्याच खाली दुसरा आकडा लिहिते: महाराष्ट्रातले तालुके, 358.

वर्ग गप्प होतो, कारण तालुक्याला असं पदच नाही.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक तालुक्याला सरकारी पगारावरचा एक एक्झरसाइज फिजिऑलॉजिस्ट द्या. त्याने तालुका क्रीडा संकुलात बसावं, आठवड्यातले चार दिवस मैदानावर आणि दोन दिवस ग्रामीण रुग्णालयात काम करावं. नवे अभ्यासक्रम, नवी विद्यापीठं आणि नवे सिंथेटिक ट्रॅक यांच्या आधी हे करा. तालुका क्रीडा अधिकारी असतात, हे मला ठाऊक आहे. पण त्यांचा सगळा वेळ शालेय स्पर्धा, अनुदानाचे प्रस्ताव आणि फायलींत जातो. पळणाऱ्या मुलाच्या छातीत काय चाललंय हे बघणं त्यांच्या कामात कुणी धरलेलंच नाही.

पहाटे पाच वाजता कुठल्याही तालुक्याच्या गावी बायपासवर उभं राहा. अंधारात आधी पावलांचा आवाज येतो, मग मोबाइलचे दिवे दिसतात. शंभर-दीडशे मुलंमुली, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातली, खाकी वर्दीसाठी पळत असतात. मागून मोटरसायकलवर सर, गळ्यात शिट्टी. पोलीस भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. त्यांतले 20 गुण लांब धावेला, मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800. उरलेले 100 मीटर आणि गोळाफेकीला, प्रत्येकी 15. अग्निवीर भरतीतही धाव 1.6 किलोमीटरचीच. या पन्नास गुणांभोवती अकादमीची फी, राहणं-जेवण, बूट आणि पावडरचे डबे असा केवढा व्यवहार उभा राहिलाय! क्रीडा उद्योग म्हटलं की आपल्याला स्टेडियमचे दिवे आठवतात. महाराष्ट्रातला खरा मोठा क्रीडा उद्योग मला विचाराल तर हा आहे, आणि त्यात शरीर समजणारं माणूस जवळपास कुणीच नाही.

या मैदानांवर सर्रास काय चालतं ते सांगते. रोज सकाळी थोडं वॉर्मअप, मग सगळा जोर लावून 1600 ची ‘ट्रायल’, वेळ वहीत टिपायची. उद्या पुन्हा तेच. पहिले तीन आठवडे वेळ झपाट्याने खाली येते, सगळे खूश. मग आकडा अडकतो. पाच-चाळीसवर अडकलेला मुलगा महिनाभर पाच-चाळीसवरच राहतो, त्याची नडगी ठणकायला लागते, आणि सर म्हणतात, जिद्द कमी पडतेय.

जिद्दीचा इथे काही संबंध नाही. पाच-सव्वापाच मिनिटांच्या धावेत लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण चार-पंचमांश भाग ऑक्सिजनच्या आधाराने तयार होतो. तो ऑक्सिजन पोचवणारी सगळी व्यवस्था, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात पुढे जाणारं रक्त, स्नायूंतल्या केशवाहिन्या, पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया, ही महिनोन् महिने सावकाश वाढते. ती वाढवायची तर आठवड्यातली बरीचशी धाव शेजारच्याशी बोलता येईल इतक्या वेगाने करावी लागते. जोर लावायचा तो आठवड्यातले दोनच दिवस. हे सांगितलं की मुलं हसतात. ‘मॅडम, हळू पळून वेग कसा वाढणार?’ हसणं साहजिक आहे, कारण त्यांना कुणी कधी समजावलेलंच नसतं. आमच्या गाण्याच्या परंपरेत एक सुंदर शब्द आहे, दमसास. आमच्या विषयातला व्हीओटू मॅक्स म्हणजे या दमसासाची कमाल मर्यादा, आकड्यात मांडलेली: शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. गवयाचा दमसास रोज वरचा षड्ज ओरडून वाढत नाही, हे मात्र सगळ्यांना पटतं.

दुसरी गोष्ट लॅक्टिक ॲसिडची. मांड्या भरून आल्या, दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना, की खापर फुटतं लॅक्टिक ॲसिडवर. लॅक्टेट, म्हणजे या ॲसिडचं रक्तातलं रूप, धाव थांबल्यावर तास-दीड तासात पूर्ववत होतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं असतं, विशेषतः उतारावर पळाल्यानंतर किंवा बैठकांत खाली जाताना स्नायू ताणत काम करतो त्याचं. आणि लॅक्टेट हा काही कचरा नव्हे, हृदय आणि स्नायू ते इंधन म्हणून जाळतात. विज्ञानात हे उलगडून काही दशकं झाली. मैदानावर अजून मालिश करून ‘ॲसिड काढणं’ चालू आहे.

तीन वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका अकादमीत विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. तिथे एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. 800 मीटरची पहिली फेरी ती इतरांच्या बरोबरीने पळायची, आणि दुसऱ्या फेरीत एकदम गळायची. वेळ तीन मिनिटं चाळीस सेकंद, कितीतरी आठवड्यांपासून तीच. सर म्हणाले, ‘ही आळशी आहे, मॅडम. निम्मं पळते आणि सोडून देते.’ धाव संपवून ती गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. मी तिचं मनगट धरलं आणि पंधरा सेकंद मोजले. 49 ठोके, म्हणजे मिनिटाला 196. पाच मिनिटांनी पुन्हा धरलं तर 36, म्हणजे अजून 144. एवढ्या वेळात नाडी पुष्कळ खाली यायला हवी होती. तिची खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू लाल असते, तिची पांढुरकी होती. नखंही तशीच. दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी झाली, हिमोग्लोबिन 8.6, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 8.6 ग्रॅम.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. शेजारच्या मुलीचं हिमोग्लोबिन 13 असेल तर तिच्या 100 मिलिलिटर रक्तात 17.4 मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. या मुलीच्या रक्तात 11.5. दोघी एकाच रेषेवरून निघतात, पण एकीच्या टाकीत एक-तृतीयांश तेल कमी. तेवढी तूट हृदय ठोके वाढवून भरून काढायला बघतं, पहिल्या चारशे मीटरपर्यंत काढतंही, मग त्याचाही उपाय संपतो. डॉक्टरांनी लोहाच्या आणि जंताच्या गोळ्या दिल्या. आम्ही फक्त एवढंच सांगितलं की गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, आणि जेवणात लिंबू पिळत जा. तीन-साडेतीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.4 झालं आणि वेळ तीन मिनिटं दहा सेकंदांवर आली. त्या तीस सेकंदांसाठी तिने वर्षभर शिव्या खाल्ल्या होत्या.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे त्या मैदानावर ती एकटी नव्हती. तपासणी फुकट होते, गोळ्या फुकट मिळतात, केंद्र मैदानापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. या दोघांना जोडणारा माणूस तेवढा नव्हता. त्याच दिवशी आणखी एका मुलीने बाजूला घेऊन सांगितलं की पाच महिने पाळी आलेली नाही, आणि तिला कुणीतरी सांगितलंय की हे चांगलंच आहे, तयारी जोरात चालल्याची खूण आहे. मेहनत वाढली आणि ताटातलं अन्न तेवढंच राहिलं की शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं कमकुवत व्हायला लागतात. पुढची पायरी नडगीच्या हाडाला बारीक तडा. हे तिला सांगायला त्या अकादमीत एकही बाई नव्हती.

आता जिवावर बेतणाऱ्या गोष्टीकडे येते. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीसाठी 5 किलोमीटर पळताना तरुण मुलं कोसळून मेली. नंतर अंतर कमी झालं, नियम बदलले. 2024 मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीत 10 किलोमीटर धावण्याची अट होती, तिथे दहाहून अधिक उमेदवार दगावले. अशा वेळी लगेच म्हणतात की मुलं उत्तेजकं घेऊन आली होती, उपाशी होती, रात्रभर एसटीने प्रवास करून आली होती. असतीलही. यांतली प्रत्येक गोष्ट आधी विचारता येते, मोजता येते, आणि त्यानुसार धाव पुढे ढकलता येते.

पळताना होणाऱ्या उष्माघाताबद्दल आमच्या विषयात जेवढी खात्री आहे तेवढी फार थोड्या गोष्टींबद्दल आहे. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो, झोकांड्या खातो, कधी आक्रमक होतो. त्या क्षणी गाडीची वाट बघत बसायचं नसतं. जागेवरच बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवायचं, अर्ध्या तासाच्या आत तापमान 39 च्या खाली आणायचं, मग दवाखान्यात न्यायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये दर ऑगस्टात फाल्मथ रोड रेस होते. तिथे 18 वर्षांत 274 धावपटूंना असा उष्माघात झाला, त्यांना जागच्या जागी थंड पाण्यात ठेवलं, आणि त्यांतला एकही दगावला नाही. आपल्याकडे याला लागतं काय? उभा कापलेला एक निळा ड्रम, दूध डेअरीतला बर्फ, आणि कधी बुडवायचं हे कळणारा माणूस. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, घामातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. भरतीची तारीख ठरवणाऱ्याला एवढं माहीत असलं तरी काही घरं वाचतील.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या मैदानांवर आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल बोलणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबार या भागांत सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे. प्रत्यक्ष आजार असेल तर घरच्यांना तरी माहीत असतं. पण ज्याच्यात आईवडिलांपैकी एकाकडूनच ते जनुक आलंय, तो ‘वाहक’ माणूस एरवी ठणठणीत असतो. उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, एकामागून एक जोराच्या फेऱ्या मारल्या तर त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होऊन स्नायूंकडचं रक्त अडवू शकतात. तो पेटके आल्यासारखा खाली बसतो, आणि सर ओरडतात, ऊठ. अमेरिकेत एका महाविद्यालयीन खेळाडूचा 2006 मध्ये असाच मृत्यू झाल्यावर 2010 पासून वरच्या श्रेणीच्या महाविद्यालयीन खेळाडूंसाठी ही चाचणी नियमात आली. आपल्याकडे 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम चालू आहे, लाखो लोकांची तपासणी होतेय, हातात कार्डं मिळताहेत. ते कार्ड भरतीच्या मैदानावर कुणी मागत नाही. मागायचं ते मुलाला वगळण्यासाठी अजिबात नाही. त्याचा सराव हळूहळू चढवायचा, दोन फेऱ्यांत विश्रांती वाढवायची, पाणी द्यायचं, आणि तो ‘थांबतो’ म्हणाला की त्याचं ऐकायचं. एवढं केलं तर तो इतरांइतकाच पळू शकतो.

माझ्या या मागणीला सर्वांत आदराने ऐकावा असा विरोध कोल्हापूरच्या एका तालमीत झाला. वयस्क वस्ताद होते. म्हणाले, ‘बाई, तुमच्या मशिनी नव्हत्या तेव्हा आम्ही पैलवान घडवलेत.’ खरं आहे. खाशाबा जाधव गोळेश्वरहून हेलसिंकीला गेले आणि 1952 साली कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा त्यांच्याबरोबर कुणी फिजिऑलॉजिस्ट नव्हता. प्रवासाच्या पैशांसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवलं होतं. वस्तादाची नजर मी पाहिलेली आहे. पैलवान आज माती कशी उकरतोय यावरून ते रात्रीची झोप ओळखतात. मेहनत कधी चढवायची, कुस्त्यांचं मैदान जवळ आलं की कधी उतरवायची, हे ते आमच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून करतात.

पण तालमीला जे आठवतात ते जिंकलेले असतात. विसाव्या वर्षी गुडघा गेलेला, कंबर गेलेली पोरं गावी शेतावर परत गेली, त्यांचा फोटो भिंतीवर नाही. आणि एक नवी गोष्ट वस्तादांच्याही हाताबाहेर गेलीय, ती म्हणजे वजन. मॅटवरच्या कुस्तीत गट किलोत ठरतात. 7 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 50 किलोच्या गटात 100 ग्रॅमने बाद झाली. तिच्याजवळ डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होता, रात्रभर सगळ्यांनी प्रयत्न केले. एवढ्या जाणकारांच्या देखरेखीखालीही फरक इतका बारीक असेल, तर जिल्हा निवड चाचणीच्या आदल्या रात्री रेनकोट घालून, घोटभरही पाणी न पिता पळणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराचं काय होत असेल? 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत असंच वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. आपण कशाची वाट बघतोय?

जाणकार माणूस नसला की त्याची जागा रिकामी राहत नाही. ती दुकानदार भरतो. पावडर, मग गोळी, मग इंजेक्शन. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकड्यांत भारतातल्या 5,606 नमुन्यांपैकी 213 दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वरचं होतं. त्यांतल्या प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी ‘ताकदीचं’ म्हणून दिलेलं असणार. रक्त कसं वाढतं, स्नायू किती दिवसांत वाढतो, हे सांगणारं विश्वासाचं माणूस जवळ असतं तर सगळे नाही, पण काहीजण नक्की थांबले असते.

हा विषय आपल्याला परका नाही. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल अंगावर हवेची पिशवी बांधून गवतावर गोल गोल पळत होते आणि माणसाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येतो हे मोजत होते. त्याच सुमारास, 1924 मध्ये, स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो ते यंत्रांनी मोजायला घेतलं. श्रद्धेच्या गोष्टीला त्यांनी मोजमाप लावलं, आणि त्यात त्यांना काही अपमान वाटला नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे, 1936 मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवले. शंभर वर्षांपूर्वी एवढी सुरुवात झालेल्या राज्यात आज पळणाऱ्या मुलीची पापणी ओढून बघायला कुणी नसावं, याचं मला मनापासून दुःख होतं.

दोष आमच्याकडेही आहे, आणि तो सांगितल्याशिवाय ही मागणी करायचा मला हक्क नाही. मी जिथे पूर्वी शिकवत होते त्या कॉलेजात महागडी ट्रेडमिल होती. तपासणी समिती यायची तेव्हाच तिच्यावरचं कापड निघायचं. पेशीत ऊर्जा कशी तयार होते ते सांगणारी क्रेब्ज सायकल मुलं इंग्रजीत घडाघडा लिहायची आणि मनगटावर नाडी सापडायला त्यांना मिनिट लागायचं. पदव्युत्तर वर्गातल्या एका हुशार मुलाला मी म्हटलं, ‘व्हीओटू मॅक्स म्हणजे काय ते तुझ्या आईला सांग.’ तो गप्प उभा राहिला. त्याची आई अहिराणी बोलते. ज्याला आपल्या आईला समजावता येत नाही तो गावातल्या पैलवानाला काय समजावणार? मराठीत हा विषय नीट सांगणारं साहित्य फार थोडं आहे, आणि जे आहे त्यातले शब्द इतके जड की इंग्रजी सोपं वाटावं. शब्द मैदानावर पडलेले आहेत. दम लागणं आणि धाप लागणं यांतला फरक गावातल्या कुणालाही कळतो. पायात गोळे येणं, बरगडीखाली कळ येणं, मांड्या भरून येणं, या प्रत्येकामागे वेगळं कारण आहे. शिकवायला तिथून सुरुवात करायला हवी.

या विषयात येऊ पाहणाऱ्या मुलांना मी स्पष्ट सांगते. आठ आठवड्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. नाडी बोटांनी मोजायला शिका आणि हजार वेळा मोजा. अमेरिकन डॉक्टर केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये मांडलेली बारा मिनिटांची धाव एक शिट्टी आणि खुणेचे चार शंकू लावून घेता येते. मीटरमधल्या अंतरातून 504.9 वजा करा, 44.73 ने भागा. कुणी 2400 मीटर पळालं तर दमसास साधारण 42, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला 42 मिलिलिटर ऑक्सिजन. प्रयोगशाळेइतकं अचूक नाही, पण तीन महिन्यांनी त्याच मुलाचं तेच मोजलं की सराव लागू पडतोय की नाही हे दिसतं. धावेआधी आणि धावेनंतर वजन करा. एक किलो कमी झालं म्हणजे जवळपास एक लिटर घाम गेला. संख्याशास्त्र टाळू नका. आणि आपली हद्द ओळखा: औषध डॉक्टरचं, सांध्याचा उपचार फिजिओथेरपिस्टचा.

रुग्णालयातले दोन दिवस कशासाठी, असं विचाराल. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या प्रत्येकाला डॉक्टर सांगतात, ‘चालत जा.’ किती, कुठल्या वेगाने, जेवणाआधी की नंतर, गुडघा दुखत असेल तर काय, हे सांगायला डॉक्टरांकडे वेळ नसतो. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेला माणूस महिना-महिना जिना चढायला घाबरतो, कारण कितपत धाप लागणं ठीक आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ऑस्ट्रेलियात चार वर्षं शिकून आणि प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काही शे तास काम करून एक्झरसाइज फिजिऑलॉजिस्टची मान्यता मिळते, आणि 2006 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याच्याकडे गेलं तर सरकारी आरोग्य योजना त्याचे पैसे भरते. आपल्या विद्यार्थ्यांचं पोट भरणारं कायमचं काम मला इथे दिसतं, लीगच्या डगआउटमध्ये नाही.

आपण 2036 च्या ऑलिम्पिकच्या यजमानपदासाठी प्रयत्न करतोय. होवो, मला आनंदच होईल. पण पदक तालुक्यातून येतं. अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2024 ला 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणारा हा मुलगा धावपटू म्हणून घडला तो सैन्यात गेल्यावर. सैन्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे. पण ज्यांना सैन्यात जाता आलं नाही, छातीत एक सेंटिमीटर कमी पडले, त्यांच्यात कुणी तसा होता का, हे कळायचा मार्गच आपण ठेवलेला नाही.

माझा एक जुना विद्यार्थी सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी परत गेला. पहिल्या दिवशी त्यानेही आयपीएलच म्हटलं होतं. आता तो दोन अकादम्यांत जातो. मुलांनी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची आणि वहीत लिहायची, असा त्याने नियम केलाय. कुणाची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने वाढली की त्या दिवशी त्याची जोराची धाव बंद. मैदानाच्या कडेला निळा ड्रम असतो. अकादमीचे मालक त्याला दोन्हीकडचे मिळून महिन्याला नऊ हजार देतात, तेही भरती जाहीर झालेली असेल त्या महिन्यांत. एरवी तो वडिलांबरोबर डाळिंबाच्या बागेत असतो. तालुका क्रीडा संकुल त्याच्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. तिथे ‘आरोग्य तपासणी कक्ष’ अशी पाटी असलेली एक खोली आहे. गेल्या महिन्यात तो मला तिथे घेऊन गेला होता. दाराला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे आहे हे पहारेकऱ्याला सांगता आलं नाही.